पिशवी कुणी शिवावी?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक चामड्याची पिशवी शिवली. वह्यांचे गठ्ठे घरी नेणाऱ्या मास्तराला हवी तशी, रुंद तळाची, दोन कप्प्यांची. शाळा उघडली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत तिचे कौतुक झाले. "कुठून घेतलीत, सर?" "मी शिवली." कौतुक एकदम थांबले. एक जण हळूच म्हणाले, "तुम्ही? हे काम?"

या "हे काम?"वरच मला चार शब्द बोलायचे आहेत.

काम कसले, ते आधी ऐका. प्रथम पुठ्ठ्यावर आकृती कापायची; मापात बोटभर चूक झाली की कातडे वाया. पट्टा पाठीच्या कातड्यातून काढायचा, कारण पोटाकडचे ओझ्याने ताणते. रापीने कापायचे, सारख्या अंतरावर आरीने भोके पाडायची, मग एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून प्रत्येक भोकातून दोन्हीकडून ओवायचे. यंत्राची शिवण एका जागी तुटली की उसवत जाते. या शिवणीचा एक टाका गेला तरी बाकीचे धरून राहतात. याहून अधिक अक्कल आमच्या कोणत्या विषयाला लागते?

हे मला बाजारातल्या एका चर्मकार कारागिराने शिकवले. पहिल्या दिवशी ते मला बसूच देईनात. "गुरुजी, इथं नका बसू. लोक मला नावं ठेवतील." त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात आहे. वडिलांचा धंदा विचारला की तो "दुकान" एवढेच सांगतो.

जून 2025 मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या, तेव्हा आपण केवढे खवळलो! वारसा म्हणे आमचा. वारसा आपला, आणि आरी मात्र त्यांची!

कुणी म्हणेल, मग कारागिरांच्या पोरांना बापाचा धंदा शिकवा, कला टिकेल. याला माझा सक्त विरोध आहे. ते पोर डॉक्टर होवो, कलेक्टर होवो. आरी धरावी ती ज्यांच्या सात पिढ्यांनी कातड्याला हात लावला नाही त्यांच्या पोरांनी. गांधीजी टॉलस्टॉय फार्मवर चपला शिवायला शिकले ते उगीच नव्हे. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी बसवण्याचे ठरले. आमच्या शाळेत त्याचे काय उरले? कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले!

यंदा मी त्या तासासाठी थोडे कातडे आणि दहा आऱ्या मागितल्या. शिकवायला त्या कारागिरांनाच मानधन देऊन बोलवा, असेही लिहिले. उत्तर आले, "पालकांना चालणार नाही." कोणत्या पालकांना, हे मात्र कुणी सांगत नाही. तेवढे कागदावर लिहून द्या, एवढीच माझी मागणी आहे.