संगणकातला वाघ आणि विस्मृतीतले हात

१/ संगणकाने प्राण्याची लव कशी साकारली, हा इतिहास बहुधा सूत्रांचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो हातांचाही आहे.

२/ १९८९ मध्ये जेम्स काजिया आणि टिमोथी के यांनी संगणकावर केसाळ टेडी अस्वल चितारले. एकेक केस न रेखता त्यांनी संपूर्ण थरच प्रकाश विखुरणारा घनभाग मानला.

३/ २००१ च्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधील सलीच्या अंगावर २३ लाखांहून अधिक केस होते. ते वाऱ्याने हलत, परस्परांवर सावली टाकत.

४/ २०१२ च्या ‘लाइफ ऑफ पाय’मधील वाघ बहुतांश दृश्यांत संगणकनिर्मित होता. भिजलेल्या केसांचे पुंजके, कातडीखाली सरकणारे स्नायू केवळ सूत्रातून उमटत नाहीत. खरे वाघ निरखून कलावंतांनी ते घडवले. हे काम मुख्यतः ‘रिदम अँड ह्यूज’चे. मुंबई व हैदराबाद येथेही तिच्या शाखा होत्या.

५/ फेब्रुवारी २०१३ मध्ये या कामास ऑस्कर मिळाले. त्याआधी काही दिवसच संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली होती. सभागृहाबाहेर शेकडो कलावंत निदर्शने करत होते. मंचावर बिल वेस्टनहोफर संस्थेच्या संकटाविषयी बोलू लागताच ध्वनिक्षेपक बंद झाला.

६/ लेणी कोरणाऱ्यांची नावे काळाने पुसली. येथे मात्र अनेकांची नावे श्रेयनामावलीत आजही आहेत. ती न वाचताच उठून जाणे, हा काळाचा दोष नव्हे.