विंडोज १० चा सपोर्ट संपला, मग पहिलं लिनक्स कोणतं घ्यायचं?

दिवाळीच्या सुट्टीत मावसभावाचा फोन आला. "दादा, कॅनॉटला लॅपटॉप दाखवला. ते म्हणतात यावर विंडोज ११ चढत नाही, नवा घ्या. पप्पा म्हणतात, चाळीस हजार आत्ता कुठून आणायचे? लिनक्स टाकू का? आणि टाकायचं तर कोणतं?"

तो इथेच, छत्रपती संभाजीनगरमध्ये कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप सेकंडहँड. इंटेलच्या सातव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम. अशी मशीन आपल्याकडे कितीतरी घरांत आहेत, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय.

नेमकं झालं काय?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ लॅपटॉप बंद पडला असा नाही. तो पूर्वीसारखाच चालतो, फक्त नवी सुरक्षा छिद्रं सापडली की ती बुजवणारे अपडेट नेहमीसारखे येत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी एका वर्षाची जादा मुदत जाहीर झाली, पण त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते आणि तीही मुदत संपणारच आहे.

मग विंडोज ११ का नाही? त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. भावाचा लॅपटॉप एका पिढीने हुकला. काही ठिकाणी जुगाड करून ११ चढवून देतात. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या अपडेटसाठी एवढा खटाटोप, त्याचाच भरवसा नाही.

म्हणून सध्या लिनक्सची चर्चा वाढली आहे. झोरिन ओएसने तर आपली १८ वी आवृत्ती मुद्दाम त्याच दिवशी, १४ ऑक्टोबरला बाजारात आणली!

"कोणतं लिनक्स?" हा दुसरा प्रश्न आहे

आपल्यापैकी बहुतेकांनी कॉम्प्युटर एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये पहिल्यांदा हाताळला. २००१ पासून चालत आलेल्या या कोर्सने महाराष्ट्राच्या गावागावांत कॉम्प्युटर पोहोचवला, हे मान्यच करायला हवं. पण शिकलो ते विंडोज आणि ऑफिस. त्यामुळे "कॉम्प्युटर म्हणजे विंडोज" हे डोक्यात पक्कं बसलं. केरळच्या सरकारी शाळांत मुलं दीड दशकाहून जास्त काळ लिनक्सवर शिकताहेत. त्यांच्यासाठी हा बदल मोठा नाही, आपल्यासाठी आहे.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: या मशीनवर रोज नेमकं काय काम होतं? कागद घ्या आणि यादी करा.

भावाची यादी: ब्राउझर, यूट्यूब, पायथन आणि जावाची प्रॅक्टिकल्स, कॉलेजच्या वर्ड फाइली. यातलं सगळं लिनक्सवर होतं. वर्ड फाइली लिबर ऑफिसमध्ये उघडतात. कधीकधी मांडणी थोडी हलते, म्हणून सबमिशन पीडीएफ करूनच द्यायचं.

त्याच घरात काकांचा कॉम्प्युटर आहे. ते दोन-तीन दुकानांचे हिशोब लिहितात, सगळं टॅलीवर. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, "काका, तुम्ही लिनक्सच्या नादी लागू नका. जादा मुदतीची नोंदणी करा आणि तेवढ्या वर्षात नव्या मशीनसाठी पैसे बाजूला टाका."

एकाच घरात दोन उत्तरं निघाली. यादीत पुढचं काही असेल तर तुम्हीही थांबा:

- टॅली, ऑटोकॅड किंवा फक्त विंडोजवर चालणारं ऑफिसचं सॉफ्टवेअर
- श्री-लिपी किंवा 'सुरेख'सारख्या जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइली (युनिकोड असेल तर काहीच अडचण नाही)
- झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर
- ऑनलाइन परीक्षेचं असं ब्राउझर, जे विंडोजच मागतं

आता पर्याय बघू

वाळूजच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या लिनक्समध्ये इंजिन एकच, बॉडी वेगवेगळी. या इंजिनाला कर्नल म्हणतात आणि बॉडीसकट तयार गाडीला डिस्ट्रो.

लिनक्स मिंट: खाली स्टार्ट मेनू, डावीकडून उघडणारा. विंडोज वापरलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी रस्ता सापडतो. ४ जीबी रॅम असेल तर त्याची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

उबुंटू: सगळ्यात जास्त माहिती याच्यावरच लिहिलेली सापडते. दिसायला वेगळं आणि थोडं जड. ८ जीबी रॅम असेल तर उत्तम.

झोरिन: दिसायला सुंदर, विंडोजसारखं करून घेता येतं. नवखा माणूस यावरही सहज रुळतो.

बॉस: आपल्या सी-डॅकने डेबियनवर बांधलेलं, भारतीय भाषांचा विचार करून. स्वदेशी म्हणून ओढ वाटणं साहजिक आहे. पण घरी वापरणारे ओळखीत सापडत नाहीत. अडल्यावर विचारायचं कोणाला?

काली: रील बघून दर दुसरा पोरगा हेच मागतो. हे सुरक्षा तपासणाऱ्या व्यावसायिकांचं हत्यार आहे. नवशिक्यांनी रोजच्या कामाला वापरू नये, असं कालीची अधिकृत माहितीच सांगते.

खरं सांगायचं तर मिंट, उबुंटू आणि झोरिन यांतलं काहीही घेतलं तरी चूक होत नाही. तुमच्या मित्राकडे किंवा सरांकडे यातलं एखादं असेल, तर तेच घ्या. पहिल्या महिन्यात शंभर फीचरपेक्षा फोन उचलणारा एक माणूस जास्त उपयोगी पडतो.

टाकण्याआधी

माझी चूक सांगतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी रात्री दीड वाजता उबुंटू टाकायला बसलो. इंस्टॉलरने विचारलं, अख्खी डिस्क पुसून टाकू का? मला वाटलं फक्त सी ड्राइव्ह जाईल. ताईच्या साखरपुड्याचे फोटो आणि बाबांनी स्कॅन करून ठेवलेले शेतीचे कागद, सगळं गेलं. कागद पुन्हा काढता आले. फोटोंची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ताईने आजवर शब्दाने विचारलं नाही, म्हणून तर जास्त लागतं.

यात दोष लिनक्सचा नव्हता, न वाचता 'नेक्स्ट' दाबणाऱ्या माझा होता. म्हणून क्रम असा ठेवा:

१. सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. दोन-चार फाइली तिथून उघडून खात्री करा.

२. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या (त्यावरचं सगळं पुसलं जातं). रुफस किंवा बलेना एचरने त्यावर लिनक्स चढवा.

३. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करा. याला लाइव्ह मोड म्हणतात. इंस्टॉल केल्याशिवाय लॅपटॉपमधल्या विंडोजला धक्का लागत नाही.

४. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासा. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडून चार ओळी टाइप करा.

५. तीन-चार दिवस असंच वापरा. पेनड्राइव्हवर थोडं संथ वाटेल, ते धरून चाला. पटलं तरच इंस्टॉल करा.

भावाने चार दिवस मिंट एक्सएफसीई पेनड्राइव्हवरून चालवलं. वाय-फाय चाललं, कॅमेरा चालला. पाचव्या दिवशी फोन: "दादा, टाकू का आता?"

मी विचारलं, "फोटो कुठे आहेत?"

"पप्पांच्या हार्ड डिस्कवर."

"उघडून बघितलेस?"

फोनवर शांतता. "थांब, बघतो."