रंगाखालचे काम

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरलेले आहे. यंत्रांचे सुटे भाग घडविणाऱ्या असंख्य कारखान्यांबरोबर तेथे पत्र्याला रंग चढविणारे लहान कारखानेही आहेत. घरातील लोखंडी कपाट आता केवळ करड्या किंवा हिरव्या रंगातच मिळते असे नाही. ते सागवानाच्या रूपातही मिळते. दुकानात गिऱ्हाईक त्यावरून हात फिरवते आणि ‘काम सुरेख आहे’ असे म्हणते. वस्तुतः ज्याला ते सुरेख म्हणते, तो कामाचा अगदी शेवटचा भाग असतो.

पत्रा येतो तेव्हा त्यावर तेलाचा ओशटपणा आणि गंज असतो. आधी तेल धुऊन काढतात, मग आम्लाने गंज घालवितात, पुन्हा धुतात आणि फॉस्फेटचा पातळ थर देतात. रंग पत्र्याला धरून राहतो तो या थरामुळे. पत्रा पूर्ण वाळला की रंगाची कोरडी भुकटी विद्युतभार देऊन फवारतात. ती पत्र्याकडे ओढली जाते आणि सुमारे 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळून एकजीव होते. लाकडाचा भास हवा असेल, तर सागाच्या रेषा छापलेला पापुद्रा त्यावर घट्ट बसवून पुन्हा तापवितात. शाईची वाफ होऊन रेषा रंगाच्या आत उतरतात. पापुद्रा सोलला की लोखंडाचे सागवान झालेले!

या नकलेला काही रसिक नाक मुरडतात. ते योग्य नव्हे. ज्याला सागाचे कपाट परवडत नाही, त्यालाही आपल्या खोलीत डोळ्यांना सुख देणारी एखादी वस्तू असावीशी वाटते. यात लाजण्यासारखे काय आहे? लाज वाटावी ती घाईघाईने धुतलेल्या पत्र्यावर चढविलेल्या सागवानाची. दुकानात तेही तसेच चमकते. पुढे पावसाळ्याच्या दमट हवेत त्याच्या कडा फुगू लागतात.

हाताने रंगविणाऱ्यांनाही हे चांगले ठाऊक असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगविलेले गोल पत्ते, प्रसिद्ध आहे. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कलेला नवे जीवन दिले. पारंपरिक पद्धतीत पत्त्याला चिंचोक्याची खळ आणि खडूचा लेप देऊन तो दगडाने घोटून गुळगुळीत करीत. कुंचला त्यानंतर हाती येई. पाहणाऱ्याला दशावतार दिसतात, चिंचोका दिसत नाही.

घरातील जुने छत किंवा कपाट नव्याने रंगविताना तर या न दिसणाऱ्या कामात आरोग्याचाही प्रश्न येतो. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक असू नये, असा नियम केंद्र शासनाने 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू केला. तथापि नियम नव्या रंगाला लागू होतो. त्यापूर्वीचे थर अनेक घरांत तसेच आहेत आणि त्यांत शिसे असू शकते. असा थर काचकागदाने कोरडाच घासला, तर धूळ रंगाऱ्याच्या छातीत जाते आणि खाली बसलेली धूळ रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागून तोंडात जाते. तोंडाला बांधलेला रुमाल ती पुरेशी अडवीत नाही. पृष्ठभाग ओला करून घासावा, धुळीसाठीची योग्य मुखपट्टी वापरावी, मुलांना दूर ठेवावे आणि शेवटी ओल्या फडक्याने जागा पुसावी, हे रंगाऱ्याला शिकविता येते. पण त्याला वेळ लागतो, आणि मालक विचारतो, ‘दोन दिवस झाले, रंग कुठे आहे?’

या दोन दिवसांची मजुरी रंगाऱ्याने स्वतःच्या खिशातून का भरावी? दरपत्रकात घासणे, धुणे आणि अस्तर यांची रक्कम स्वतंत्र लिहिली जावी, आणि गिऱ्हाइकाला घासाघीस करायचीच असेल, तर ती वेलबुट्टीवर करावी.