सरपंचाला आठवीची अट, खासदाराला मोकळीक

जयपूर-अजमेर महामार्गावरील बगरू लाकडी ठशांच्या छपाईसाठी देशभर ओळखले जाते. छिपा कारागिरांचा हा धंदा पाण्यावर चालतो. चिखलाचा दाबू लावलेले कापड धुवावे लागते आणि रंगाचे पाणी कोठेतरी वाहून न्यावे लागते. पाणीपुरवठा, स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य हे विषय घटनेच्या बाराव्या परिशिष्टातील १८ विषयांत मोडतात. म्हणजे कागदोपत्री हे काम नगरपालिकेचे. परंतु अशा गावांतील कष्टकरी गटाराची मागणी घेऊन जातो तो खासदार-आमदारांच्या दारी, कारण पैसा कोठे आहे हे तो अनुभवाने ओळखतो.

ही उलटापालट आपोआप झालेली नाही. १९९३ साली त्र्याहत्तरावी व चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात खासदार निधीची योजना सुरू झाली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याचाच हा प्रकार होता. ५ लाखांपासून सुरू झालेला हा निधी २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटींवर गेला. जयपूर लोकसभा मतदारसंघात बगरूसह आठ विधानसभा क्षेत्रे आहेत; सारखी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ६२ लाख येतात. रक्कम किरकोळ, परंतु तिने लावलेली सवय किरकोळ नाही. शिफारस खासदाराची, मंजुरी जिल्हा प्रशासनाची, फलकावरचे नाव पुन्हा खासदाराचे. लोकांनी निवडलेला नगरसेवक मात्र समारंभातील प्रेक्षक! दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये ही योजना बंद करण्याची शिफारस केली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. पण वैध ठरलेली प्रत्येक गोष्ट लोकशाहीला पोषक असतेच असे नाही.

राजस्थानातच, २ ऑक्टोबर १९५९ रोजी नागौर येथे नेहरूंनी पंचायत राज्याचे उद्घाटन केले होते. त्याच राज्यात डिसेंबर २०१४ मध्ये वटहुकूम निघाला: सरपंचपदासाठी आठवी, जिल्हा परिषदेसाठी दहावी उत्तीर्ण असण्याची अट. शाळेचे दार ज्यांना कधी उघडलेच नाही त्या दलित, आदिवासी आणि स्त्रियांना त्याने एका फटक्यात उमेदवारीबाहेर काढले. संसदेत बसणाऱ्यांना अशी अट त्यापूर्वी नव्हती व नंतरही नाही. २०१९ मध्ये कायदा रद्द झाला. मधल्या काळात झालेल्या निवडणुका मात्र परत होणाऱ्या नव्हत्या.

महाराष्ट्राने हसण्याचे कारण नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ नोकरशाहीच राज्य करीत राहिली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, हे घटनेचे स्पष्ट बंधन आहे.

केरळात १९९६ पासून डाव्या सरकारने नियोजनाच्या निधीतील ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे वळवला. मागणीही तीच हवी: खासदार निधी रद्द करून ती रक्कम नगरपालिका व पंचायतींना विनाअट द्यावी, आणि खासदारांनी केंद्राच्या करातील स्थानिक संस्थांच्या वाट्यासाठी संसदेत भांडावे. गटाराच्या कोनशिलेपेक्षा ते काम अधिक कठीण आहे, आणि त्यासाठीच त्यांना निवडून दिलेले असते.