कितवा स्लॅब पडला?

बदलापुरात किंवा अंबरनाथला घर बुक केलेल्या कुटुंबात दर महिन्याला एकच चौकशी असते : कितवा स्लॅब पडला? स्लॅब पडला की बँकेचा पुढचा हप्ता सुटतो, म्हणून गृहप्रकल्पाची प्रगतीही स्लॅबांतच मोजायची सवय लागली आहे. शेजारच्या उल्हासनगरात ‘स्लॅब पडला’ म्हटले की काळजात धस्स होते. मे 2021 मध्ये दोन आठवड्यांच्या आत तिथे दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. त्यातल्या एकट्या साईसिद्धी इमारतीत 7 जीव गेले.

‘मुंबईतल्या नोकरदाराला दुसरीकडे घर परवडत नाही, इथली बांधकामे अडवू नका,’ असे सांगितले जाते. यातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे. 2001 च्या जनगणनेत बदलापूरची वस्ती 97,948 होती, 2011 मध्ये ती 1,74,226 झाली. ही माणसे गरजेपोटी आली. घरे हवीतच.

पण ‘आधी घर होऊ द्या, नियमांचे मागाहून बघू’ हे म्हणणे मला साफ अमान्य आहे. त्याचा निकाल उल्हासनगरात लागलेला आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी कुटुंबांचे हे शहर, जेमतेम 13 चौरस किलोमीटरचे. कुटुंबे वाढली, तसे अरुंद भूखंडांवर परवानगीविना मजले चढले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि 855 इमारतींवर हातोडा पडायची वेळ आली. तेव्हा 2006 मध्ये शुल्क भरून बांधकामे नियमित करण्याचा खास कायदा झाला. हजारो संसार रस्त्यावर येऊ नयेत, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण शुल्क भरल्याने सळईचा गंज जात नाही. कायद्यानंतर 15 वर्षांनी ते स्लॅब कोसळले.

दुसरी तक्रार पूररेषेची. ती विकासाच्या आड येते म्हणे! जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचते, ती निळी रेषा. तिच्या आत इमारत नको, हा नियम तिथे राहायला येणाऱ्याच्याच भल्याचा आहे.

म्हणून माझे मागणे असे. बदलापूर-अंबरनाथमध्ये पाणी आणि सांडपाण्याची सोय आधी सिद्ध करावी, मगच नव्या इमारतीला परवानगी द्यावी. उल्हासनगरातल्या जुन्या इमारतींचा समूह पुनर्विकास व्हावा. मात्र घर रिकामे करण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाच्या हातात नव्या घराच्या क्षेत्रफळाचा नोंदणीकृत करार पडला पाहिजे. तोंडी आश्वासनावर कुणीही बिऱ्हाड हलवू नये.

आणि नवे घर घेणाऱ्यांनो, स्लॅब मोजण्याआधी महारेरा क्रमांक, मंजूर नकाशा आणि त्यावरची पूररेषा पाहा. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय चावी घेऊ नका.