गाडीच्या दाराचे आतले हँडल तुटले आहे?

आमच्या जुन्या गाडीचे मागचे दार सहा महिने फक्त बाहेरूनच उघडत होते. आतले हँडल तुटले होते. “आई, तू बसून राहा, मी उघडतो,” म्हणत बाबा खाली उतरायचे आणि काम भागायचे.

मग मे महिन्यातली एक दुपार आली. आर. के. पुरमच्या सेक्टर मार्केटसमोर बाबांनी गाडी उन्हात लावली आणि दोन मिनिटांत येतो सांगून औषधे आणायला गेले. दुकानात गर्दी होती. किल्ली बाबांच्या खिशात, त्यामुळे काचा खाली होईनात. मागच्या सीटवर आजी घामाने चिंब झाली. तिने काचेवर मारलेल्या थापा एका भाजीवाल्याने ऐकल्या आणि त्याने बाहेरून दार उघडले. पाणी प्यायल्यावर आजी एवढेच म्हणाली, “आधी हे नीट करा, मग मला कुठे न्या.”

उन्हात उभ्या गाडीचे आतले तापमान दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी वाढू शकते. जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली भागात तीन मुले आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या अँटॉप हिलमध्ये दोन भावंडे उभ्या गाडीत मृतावस्थेत सापडली. आतून न उघडणारे दार ही लहानसहान गैरसोय नाही.

आधी दोष ओळखा

आतले हँडल ओढले की एक तार किंवा सळई ओढली जाते आणि ती दाराचे लॉक सोडवते.

* मागचे दार आतून उघडत नसेल, पण हँडल शाबूत असेल, तर आधी चाइल्ड लॉक पाहा. दार उघडल्यावर कडेला त्याची छोटी खटकी दिसते.
* हँडल सैल लोंबत असेल, तर स्प्रिंग किंवा प्लॅस्टिकची खुंटी तुटलेली असते.
* हँडल हलते, पण दार उघडत नसेल, तर तार निसटली असण्याची शक्यता जास्त.

हँडल चिकटवू नका. सगळा जोर त्या बारीक खुंटीवरच येतो, त्यामुळे गोंद फार टिकत नाही.

बदलताना

नवे हँडल घेताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि डावे की उजवे दार हे नक्की सांगा. तुटलेले हँडल सोबत न्या. दिल्लीत काश्मिरी गेट आणि करोलबागच्या बाजारात जुन्या गाड्यांचेही सुटे भाग मिळतात.

काही गाड्यांत हँडलमागचा स्क्रू काढला की काम होते, काहींत दाराचे आतले पॅनल उतरवावे लागते. पॅनल ओढण्यापूर्वी हाताच्या टेकूतले आणि झाकणांमागचे स्क्रू शोधा. आतला प्लॅस्टिकचा कागद फाडू नका, तो पावसाचे पाणी अडवतो. दारात एअरबॅग असेल तर हे काम मेकॅनिककडेच द्या.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दार लावण्याआधी तपासणी करा. दार उघडे ठेवून स्क्रूड्रायव्हरने लॉक बंद स्थितीत ढकला आणि नवे हँडल ओढा. लॉक सुटले, तरच दार लावा. नाहीतर पॅनल बसवलेले दार आतून पुन्हा अडकेल.

तोपर्यंत काय कराल?

त्या दाराशी मुलांना किंवा वृद्धांना बसवू नका आणि गाडीत कोणालाही एकटे सोडू नका. मागचे दार उघडले नाही तर पुढच्या सीटवर येऊन तिथले दार उघडायचे आणि हॉर्न वाजवत राहायचे, हे मुलांना एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

आमचे हँडल बदलायला एक तासही लागला नाही. आता गाडीत बसली की आजी आधी दार आतून एकदा उघडून पाहते. तुम्हीही आज चारही दारे आतून उघडून पाहा.