अट दोन्ही बाजूंची असावी

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगातर्फे वर्षातून दोनदा परीक्षा होते. सुमारे ४०० जागा आणि त्यांसाठी देशभरातून बसणारे लाखो विद्यार्थी असे हे प्रमाण आहे. ९०० गुणांची लेखी परीक्षा, त्यानंतर सेवा निवड मंडळापुढील पाच दिवसांची ९०० गुणांची कसोटी आणि शेवटी लष्करी रुग्णालयातील वैद्यकीय तपासणी, अशा तीन पायऱ्या चढल्यावाचून प्रबोधिनीचे दार उघडत नाही. गुणवत्ता यादीत पाल्याचे नाव झळकले की घरात पेढे वाटले जातात. मात्र ही यादी तयार करताना वैद्यकीय तपासणीचा निकाल विचारात घेतलेला नाही आणि उमेदवारी तात्पुरती आहे, असे आयोग त्याच निकालपत्रात नमूद करीत असतो. त्या ओळीकडे आनंदाच्या भरात सहसा कोणाचे लक्ष जात नाही. म्हणजे यादीतील नाव हा प्रवेश नव्हे. तो सशर्त प्रस्ताव आहे आणि ती अट शरीराची आहे.

ही अट कठोर असावी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. सियाचीनच्या हिमनदीवर, पाणबुडीच्या पोटात किंवा लढाऊ विमानाच्या आसनावर बसलेल्या अधिकाऱ्याचे शरीर ही त्याची खासगी बाब राहत नाही. त्याच्या शब्दावर पुढे सरकणाऱ्या जवानांचे प्राण त्याच्या दृष्टीवर, श्रवणावर आणि दमावर अवलंबून असतात. गुणांच्या स्पर्धेत दोन-चार गुणांनी मागे पडलेल्याला पुढच्या वेळी भरपाई करता येते. रणभूमीवर ती संधी मिळत नाही. म्हणूनच सेनादलांनी आपली मोजपट्टी ताठ ठेवली आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे.

आपल्याकडे तपासणीत दोष आढळल्यास उमेदवाराला तात्पुरता अपात्र किंवा कायमचा अपात्र ठरविले जाते. नाकाचे वाकलेले हाड, हायड्रोसील, वाढलेले वजन यांसारखे दोष उपचाराने दूर होऊ शकतात. त्यासाठी साधारण ४२ दिवसांची मुदत मिळते. निर्णय मान्य नसलेल्याला अपील वैद्यकीय मंडळापुढे जाता येते आणि क्वचित प्रसंगी त्यापुढे पुनरावलोकन मंडळाची वाटही असते. विमानचालनासाठी अपात्र ठरलेला तरुण भूदलासाठी पात्र ठरू शकतो, कारण प्रत्येक दलाच्या कामानुसार निकष वेगळे आहेत. परंतु निकषात न बसणाऱ्याला विशेष बाब म्हणून सूट देण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

अमेरिकेत नेमकी ही पद्धत आहे. वेस्ट पॉइंट, ॲनापोलिस आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील प्रबोधिन्यांसाठी संरक्षण खात्याचे एक स्वतंत्र वैद्यकीय मंडळ उमेदवाराची पात्रता तपासते. पण अपात्र ठरलेल्याला सूट द्यावी की नाही, हे मात्र ती ती प्रबोधिनी ठरविते. निवडक गुणवंतांना आगाऊ हमीपत्रही मिळते. वैद्यकीय पात्रता, शारीरिक चाचणी आणि लोकप्रतिनिधीचे नामनिर्देशन यांची पूर्तता झाली की जागा निश्चित, असा त्याचा आशय असतो.

ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे आणावी, अशी मागणी करण्यापूर्वी आपल्या सार्वजनिक जीवनाकडे पाहणे उचित ठरेल. जेथे सूट देण्याचा अधिकार असतो, तेथे शिफारशीची चिठ्ठी पोहोचायला वेळ लागत नाही. आज शेतकऱ्याचा मुलगा आणि सचिवाचा मुलगा एकाच मोजपट्टीखाली उभे राहतात, ही आपल्या सैन्यनिवडीची मोठी नैतिक कमाई आहे. ती गमावून मिळालेली लवचीकता महाग पडेल. घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. दोष शोधणारा एक आणि त्याचा अंतिम निर्णय करणारा दुसरा, ही विभागणी स्वीकारार्ह आहे. अपात्रतेचे कारण उमेदवाराला समजेल अशा भाषेत, लेखी आणि वेळेवर मिळावे. अपिलाची तपासणी पहिल्या मंडळापेक्षा वेगळ्या तज्ज्ञांनी वेगळ्या रुग्णालयात करावी, हा नियम सर्वत्र काटेकोरपणे पाळला जावा. निकष न वाकविताही निर्णयप्रक्रिया अधिक विश्वासार्ह करता येते.

शासनाकडून अपेक्षा करताना समाजानेही आपले घर तपासले पाहिजे. रंगांधळेपणा हा बहुधा जन्मजात दोष आहे. रंगीत ठिपक्यांत दडलेला आकडा वाचण्याच्या साध्या चाचणीने तो शालेय वयातच कळू शकतो. तरीही अनेक घरांत तो कळतो, तो थेट लष्करी रुग्णालयात, पाच-सहा वर्षांच्या तयारीनंतर. चष्मा घालविण्यासाठी लेझर शस्त्रक्रिया केली म्हणजे वाट मोकळी झाली, असा दुसरा समज आहे. वास्तविक प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी अशी शस्त्रक्रिया अपात्र ठरविते. पदवीनंतरच्या काही प्रवेशांत ती वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यावर आणि ठरावीक अटींवर चालते. सद्हेतूने केलेला खर्च मुलाचे दार कायमचे बंद करतो, यापरते दुर्दैव ते कोणते? आणि जुना आजार दडवून अर्ज भरण्याचा सल्ला जे देतात, ते अधिकारीपदाचा पायाच असत्यावर रचतात.

महाराष्ट्रात सैनिकी शिक्षणाची परंपरा जुनी आहे. भारतीय अधिकारी घडविणाऱ्या संस्थेचा विचार करण्यासाठी १९३१ साली नेमलेल्या चेटवुड समितीचे सदस्य असलेल्या डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय उभे केले. डॉक्टर व्यवसायाने नेत्रवैद्य होते, हा योगायोग आज अर्थपूर्ण वाटतो. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आणि छत्रपती संभाजीनगरची सेवापूर्व प्रशिक्षण संस्था १९७७ पासून हेच कार्य करीत आहेत. प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडली, तेव्हा ही परंपरा लेकींपर्यंतही पोहोचली. या परंपरेला आता एका साध्या कार्यक्रमाची जोड हवी. गावोगावच्या कार्यकर्त्या डॉक्टरांनी आठवी-नववीच्या इच्छुक मुलामुलींचे डोळे, कान, पाठीचा कणा आणि पावले तपासून त्यांना वेळीच योग्य दिशा द्यावी. व्यायामशाळा आणि शाखेचे मैदान यांचे काम त्याआधीच सुरू झालेले असावे.

मात्र अटीचा दुसरा भाग शासनाचा आहे आणि तेथे आजवर मोठी उणीव राहिली. प्रबोधिनीतील तीन वर्षे आणि त्यापुढील प्रशिक्षणाचे साधारण एक वर्ष संपेपर्यंत छात्राला अधिकारपद मिळत नाही. या काळात प्रशिक्षण घेताना तो जायबंदी झाला आणि वैद्यकीय कारणास्तव मुक्त केला गेला, तर माजी सैनिकाचा दर्जा त्याला मिळत नसे. १९८५ पासून अशा छात्रांची संख्या सुमारे ५०० असल्याचे वृत्त २०२५ साली प्रसिद्ध झाले. अपंगत्वाच्या प्रमाणात त्यांना मिळणारी मासिक सानुग्रह रक्कम उपचारांच्या खर्चालाही पुरत नसल्याचे त्यातून समोर आले. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात केंद्र शासनाने या छात्रांना माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचे छत्र देण्याचा निर्णय केला. हा निर्णय स्वागतार्हच आहे. पण न्यायालयाचा दरवाजा वाजल्यावर सुचलेले शहाणपण उशिराचे असते, हेही मान्य करायला हवे.

सतरा-अठरा वर्षांच्या ज्या मुलाचा प्रत्येक अवयव राष्ट्राने तपासून, निर्दोष ठरवून स्वीकारला, त्याच्या त्या शरीराला राष्ट्राच्या मैदानावर इजा झाली, तर तिचे दायित्व राष्ट्राकडेच येते. त्याला आजन्म उपचार, अपंगत्वाला साजेसे निवृत्तिवेतन, अपुरी पदवी पूर्ण करण्याची सोय आणि शक्य तेथे सेनादलांच्याच कार्यालयीन सेवेत स्थान मिळाले पाहिजे. येथे दयेचा प्रश्न येत नाही. हे दिलेल्या शब्दाचे पालन आहे.

मुलगा सैन्यात धाडणारी आई अटी विचारत नाही. म्हणून तिच्या वतीने त्या समाजाने विचारायच्या असतात. पात्रतेची मोजपट्टी तसूभरही खाली येऊ नये आणि त्या मोजपट्टीवर उतरलेला एकही छात्र एकाकी पडू नये, या दोन्ही गोष्टींचा आग्रह एकाच वेळी धरणे हेच सैन्यावर प्रेम करणाऱ्या समाजाचे कर्तव्य आहे.